‘स्मृतिचित्रे’तील आत्मस्वीकार : सोवळे, श्रद्धा आणि विनोद

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी शेवटचा भाग लेखिकेच्या निधनानंतर, म्हणजे २४ फेब्रुवारी १९३६ नंतर वाचकांच्या हाती आला व त्याला पूर्णत्व देण्याचे काम त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी केले. तेव्हापासून आजतागायत या ग्रंथाची वाट दोन वेगवेगळ्या वाचकवर्गांतून गेलेली दिसते. मराठीच्या वर्गात तो प्रामुख्याने विनोदाचा, निरागस निवेदनशैलीचा आणि एका विलक्षण संसाराच्या चित्रणाचा ग्रंथ म्हणून शिकवला जातो. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तो एका भगिनीची विश्वाससाक्ष म्हणून वाचला जातो. पहिला वाचक श्रद्धेचा भाग सौजन्याने ओलांडून पुढे जातो, तर दुसरा विनोदाकडे लेखिकेच्या स्वभावाचा एक लोभस अलंकार म्हणून पाहतो. या दोन्ही वाचनांत काहीतरी निसटते. ‘स्मृतिचित्रे’मधील विनोद हा ज्या आत्मस्वीकारातून येतो त्या आत्मस्वीकाराचा लेखिकेच्या श्रद्धेशी काय संबंध आहे, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

‘आत्मस्वीकार’ ही संज्ञा येथे काटेकोरपणे वापरणे आवश्यक आहे. आत्मसमर्थनात माणूस आपल्या कृतीची बाजू मांडतो. आत्मगौरवात तो आपले मोल इतरांपुढे ठेवतो. आत्मस्वीकारात यांपैकी काहीच अभिप्रेत नसते. आपण जसे होतो व आहोत तसे, दोषांसकट आणि ओशाळवाण्या आठवणींसकट, स्वतःपुढे उभे राहता येणे म्हणजे आत्मस्वीकार होय. ख्रिस्ती धर्मविचारात या गोष्टीला एक विशिष्ट क्रम आहे. माणूस आधी स्वतःला सुधारतो आणि मग देव त्याला पत्करतो असा तो क्रम नाही. कृपेने तो आधीच पत्करलेला असतो आणि म्हणून त्याला स्वतःला पत्करणे शक्य होते. जर्मन-अमेरिकन धर्मचिंतक पॉल टिलिक यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनसंग्रहात याच विचाराची आधुनिक मानसशास्त्राला समजेल अशा भाषेत मांडणी केली. शेजाऱ्यावर स्वतःवर करावी तशी प्रीती करावी या आज्ञेतही माणसाचे स्वतःशी काही बरे नाते आहे असे गृहीत धरलेलेच आहे. मात्र पापाची तीव्र जाणीव ही या परंपरेची दुसरी बाजू असल्यामुळे धर्मांतराच्या आत्मकथनात आत्मस्वीकारापेक्षा आत्मधिक्कारच अनेकदा अधिक जागा व्यापतो. इ. स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी लिहिलेल्या कबुलीजबाबापासून हा ताण या वाङ्मयप्रकारात आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मांतरकथनांत तो स्पष्ट दिसतो. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८८४ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ग्रंथाचे नावच त्याची रचना सांगून टाकते. मागे रात्र आहे, पुढे दिवस आहे, आणि निवेदक उजेडात उभा राहून अंधाराकडे पाहतो आहे. बालपणीचे सण, व्रते, घरातील धार्मिक वातावरण यांचे त्यांनी केलेले वर्णन समाजेतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे; पण ते सारे ‘पूर्वी’च्या खात्यावर जमा आहे. पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आहे की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, भेटला असे त्यांना वाटते. रमाबाईंसारख्या प्रखर बुद्धीच्या आणि कोणाच्याही धार्मिक अधिकारापुढे न नमणाऱ्या स्त्रीला बौद्धिक मान्यता आणि आतली शांतता यांतले हे अंतर मोजावेसे वाटले, ही बाब लक्षणीय आहे. स्त्रिया व शूद्र यांना मोक्षाचा मार्ग नाकारणाऱ्या शास्त्रवचनांचा त्यांनी केलेला प्रतिवाद सर्वपरिचित आहे. त्या प्रतिवादामागे आपण आहोत तशा देवापुढे उभ्या राहू शकतो की नाही, हा अगदी वैयक्तिक प्रश्न होता, याकडे मात्र तितके लक्ष जात नाही.

विल्यम जेम्स यांनी १९०२ साली धर्मानुभवाच्या प्रकारांची चर्चा करताना ‘एकदाच जन्मलेले’ आणि ‘दोनदा जन्मलेले’ असा भेद केला. पहिल्यांचे मन अखंड असते, तर दुसऱ्यांचे दुभंगते आणि मोठ्या उलथापालथीनंतर सांधते. (मराठीत या दुसऱ्या शब्दाचे सरळ भाषांतर ‘द्विज’ असे होते, आणि लक्ष्मीबाई तर जन्मानेच त्या वर्णातल्या; हा योगायोग जेम्स यांना ठाऊक असता तर त्यांनी दुसरा शब्द शोधला असता.) पदमनजी व रमाबाई हे दुसऱ्या वर्गात सहज बसतात. लक्ष्मीबाई कोणत्याच वर्गात नीट बसत नाहीत. त्यांच्या जीवनात उलथापालथ पुरेशी आहे. पण ती सांगताना मागील ‘मी’ला त्या परकी करत नाहीत.

‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभ लेखिकेच्या जन्माने न होता वडिलांच्या सोवळ्याने होतो, असे म्हटले तरी चालेल. नाशिकजवळील जलालपूर येथील हे गोखल्यांचे घर. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे वासुदेव भगवंत जोग यांना, फाशी देण्यात आले. या प्रसंगाचा धक्का त्यांचे जावई नारायणराव गोखले यांच्या मनावर असा बसला की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू विटाळलेली, म्हणून ती धुतलीच पाहिजे; आणि या धुण्यातून मीठदेखील सुटत नसे. वाचक हसतो, पण लेखिकेने या हास्याच्या मुळाशी भयाची जी जागा दाखवून ठेवली आहे ती तो विसरू शकत नाही. अपवित्रतेचे भय हे येथे शास्त्रातून आलेले नाही. घरातल्या माणसाच्या फाशीनंतर मन ज्या अवस्थेत गेले तिला परंपरेने हाताशी असलेला एक आकार दिला, इतकेच. बाह्य जगाचा स्पर्शच नको, आणि झाला तर तो धुऊन टाकता आला पाहिजे, अशी ही अवस्था आहे. अशा घरात वाढलेल्या मुलीला आपले शरीर, आपले अन्न, आपली सावली यांविषयी सहजभाव कोठून मिळणार, हा प्रश्न ग्रंथात शब्दांनी विचारलेला नाही. पण पुढील सारा भाग त्याला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतो.

लेखिका वडिलांचा न्यायनिवाडा करत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रंथ लिहिला जात असताना त्या तीस-पस्तीस वर्षे ख्रिस्ती होत्या. सोवळ्याओवळ्याची निरर्थकता सिद्ध करण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण होते, आणि मिशनरी प्रकाशनांच्या तत्कालीन प्रथेप्रमाणे तसा उपयोग केला गेला असता तरी कोणाला नवल वाटले नसते. तो मोह लक्ष्मीबाईंनी टाळला की त्यांना तो झालाच नाही, हे सांगणे अवघड आहे. दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते.

नारायण वामन टिळकांचे धर्मांतर वाङ्मयेतिहासाला चांगले परिचित आहे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत वाचन पोहोचले तेव्हा टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या दृष्टीने ही एका दीर्घ शोधाची परिणती होती; तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशीच त्यांची भावना राहिली. परंतु ‘स्मृतिचित्रे’मध्ये हाच प्रसंग मागे राहिलेल्या पत्नीच्या बाजूने येतो, आणि तेथे तो शोध नसून आघात आहे. सधवा असून वैधव्यासारखे जिणे, नातेवाइकांचा आधार व त्या आधाराची किंमत, पंढरपुरातला मुक्काम, लहानग्या दत्तूची काळजी, हे चार वर्षांहून अधिक काळ चालले. ग्रंथातील विनोद या भागात विरळ होतो. दुःखाच्या भरात पद्यरचना सुचू लागली ती याच काळात. टिळकांनी दिलेले अक्षरज्ञान, तेही त्यांच्या लहरीप्रमाणे कधी चालू तर कधी बंद असलेले, एवढ्या शिदोरीवर ही कविता उभी राहिली.

अहमदनगरला पतीकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. एकाच बिऱ्हाडात त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. नवरा बाटलेला, पण नवरा. ख्रिस्ती शेजारणी प्रेमळ, पण शिवता न येणाऱ्या. ही विसंगती लेखिकेने ज्या बारकाईने टिपली आहे तिला मराठी गद्यात तोड नाही. पुढे जे घडते त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जातिभेद देवाने निर्मिलेला नसून माणसांनी केलेला आहे, हे त्यांना आधी पटले. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी आधी केला. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर आला आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला. म्हणजे धर्म बदलला म्हणून सोवळे सुटले, असे येथे घडलेले नाही. सोवळे सुटल्यावर जे मन मोकळे झाले त्या मनाने नवी श्रद्धा पत्करली. टिळकांच्या वादविवादांनी आणि पत्रांनी जे साधले नव्हते ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने साधले, हे त्या नम्रपणे पण निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवतात.

या टप्प्यावर पाण्याचा विचार करावासा वाटतो. वडिलांच्या घरी पाणी हे संपूर्ण दिवस व्यापून टाकणारे साधन आहे. किती धुतले तरी शुद्धी पुरी होत नाही, कारण बाहेरचे जग पुन्हापुन्हा आत येतच राहते. बाप्तिस्म्याचे पाणी एकदाच घ्यायचे असते. ख्रिस्ती शिकवणीनुसार ते माणसाने मिळवलेल्या शुद्धीचे प्रमाणपत्रही नाही, तर दिलेल्या कृपेची खूण आहे. लक्ष्मीबाईंनी असे तात्त्विक विवेचन कोठेही केलेले नाही, आणि त्यांच्या ग्रंथावर ते लादणे अन्यायाचे ठरेल. तरीही एक गोष्ट ग्रंथातून तपासून पाहता येते. बाप्तिस्म्यानंतरच्या भागांत लेखिका स्वतःच्या चुका, अज्ञान, वेंधळेपणा, रागलोभ यांविषयी जितक्या निर्धास्तपणे बोलते तितके त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही आत्मकथनात आढळत नाही. जिला काही धुऊन टाकायचे उरलेले नाही अशा व्यक्तीचा हा स्वर आहे. पूर्वीच्या सोवळ्यातील लक्ष्मी हीही तिला परकी नाही. ती तिच्याकडे मोठ्या बहिणीने धाकटीकडे पाहावे तशी पाहते.

या मोकळेपणाचे श्रेय केवळ श्रद्धेला देता येईल काय, असा आक्षेप येथे संभवतो. विनोदबुद्धी ही लक्ष्मीबाईंची जन्मजात देणगी होती, आणि ती कोणत्याही धर्मात टिकली असती, असे म्हणणे शक्य आहे. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. स्वभावाने विनोदी असलेली माणसे स्वतःला वाचवून इतरांवर हसतात, हा सार्वत्रिक अनुभव होय. स्वतःवर हसण्यासाठी स्वतःच्या प्रतिष्ठेचे ओझे उतरलेले असावे लागते. १८९५ ते १९०० या काळात लक्ष्मीबाईंची सामाजिक प्रतिष्ठा एका मागून एक अशी सगळी हिरावली गेली. त्यानंतर जे उरले ते पुरेसे आहे असे सांगणारा काही आधार त्यांना मिळाला नसता, तर या स्मृती कडवट झाल्या असत्या. टिळकांच्या कोपिष्टपणाविषयी, अव्यवहारीपणाविषयी आणि घरातले असेल ते देऊन टाकण्याच्या हव्यासाविषयी त्या लिहितात तेव्हा कडवटपणाला पुरेपूर वाव होता. तो तेथे नाही. तक्रार आहे, प्रेम आहे, आणि दोहोंना एकाच वाक्यात जागा आहे.

वऱ्हाडातील वाचकाला या प्रश्नाकडे पाहण्यासाठी जवळची दोन ठिकाणे आहेत. त्यांतील एक अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. तेराव्या शतकात तेथे वावरलेल्या गोविंदप्रभूंच्या लीळांत सोवळ्याओवळ्याची बंधने सहज ओलांडली जातात. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी ते जातात, आणि गाव त्यांना एकाच वेळी वेडे आणि ईश्वर मानते. म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून लीळा गोळा केल्या आणि प्रसंगाला प्रसंग जोडून ग्रंथ सिद्ध केले. छोटे प्रसंग, बोलीतले संवाद, भाष्याचा अभाव, पवित्र व्यक्तीच्या लहरींचेही जसेच्या तसे चित्रण, हे विशेष ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला ओळखीचे वाटतील. प्रभावाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. महानुभावांचे ग्रंथ दीर्घकाळ सांकेतिक लिपीत बंदिस्त होते आणि ह. ना. नेने यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, म्हणजे लक्ष्मीबाईंचे लेखन बहुतांशी होऊन गेल्यावर, प्रसिद्ध होऊ लागली. साम्य आहे ते आठवणीच्या गद्याचे आहे. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याची आठवण सजवून सांगण्याची गरज वाटू नये, ही वृत्ती दोन्हीकडे आहे. फरक असा की लीळांत सोवळे मोडणारा ईश्वरपुरुष आहे. ‘स्मृतिचित्रे’त ते मोडणारी एक सामान्य गृहिणी आहे आणि मोडण्याआधी ती अनेक वर्षे ते कसोशीने पाळते.

दुसरे ठिकाण अकोला. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे वऱ्हाडातील कार्य अकोल्याभोवती उभे राहिले. त्या कार्यात असलेल्या जेनी फुलर यांचा भारतीय स्त्रियांवरील अन्यायांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. बालविवाह, वैधव्य, मुरळ्यांची प्रथा यांविषयीची त्यातील कळकळ शंकातीत आहे. तथापि त्या ग्रंथातील हिंदू स्त्री ही दयेचा विषय आहे. तिच्याविषयी बोलले जाते, ती स्वतः फारशी बोलत नाही, आणि हसत तर नाहीच. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सासुरवास भोगलेली, पतीने सोडून गेलेली लक्ष्मी ही फुलरबाईंच्या ग्रंथात एक नोंद म्हणून चपखल बसली असती. ‘स्मृतिचित्रे’ ही त्याच नोंदीने तीस-पस्तीस वर्षांनंतर स्वतः लिहिलेली कथा आहे. दयेचा स्वीकार आणि कृपेचा स्वीकार यांतील भेद समजून घ्यायचा असल्यास पदव्युत्तर वर्गात ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. दया ही देणारा व घेणारा यांच्यातले अंतर कायम ठेवते. लक्ष्मीबाईंना कोणाची दया स्वीकारणे नेहमीच जड गेले, नातेवाइकांची आणि मिशनचीही.

या वाचनाला एक मर्यादा आहे व ती स्पष्ट केली पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या आत्मस्वीकारात मुख्य घटना आहे ती उच्चपणाचे ओझे उतरण्याची. अहमदनगर परिसरातील ज्या महार-मांग कुटुंबांत त्या राहिल्या, ज्यांची मुले त्यांनी सांभाळली, त्यांच्यासाठी ख्रिस्ती होण्याचा अर्थ निराळा होता. त्यांना स्पर्शाचे भय टाकायचे नव्हते. आपला स्पर्श विटाळ नव्हे हे स्वतःलाच पटवायचे होते. या अनुभवाचे त्या तोडीचे आत्मकथन त्या पिढीकडून मराठीला मिळालेले नाही. वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाबतीतही हीच उणीव जाणवते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आत्मसन्मानाचा प्रश्न कृपेच्या नव्हे तर प्रज्ञेच्या व समतेच्या परिभाषेत मांडला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’सारख्या आत्मकथनात जो ‘मी’ आहे तो ‘आम्ही’मधून उभा राहतो. लक्ष्मीबाईंच्या एकट्या, खट्याळ ‘मी’शी त्याची तुलना अजून पुरेशी झालेली नाही.

टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास प्रारंभ केला. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ स्थापणे, अशा व्यापांत ते काव्य मागे पडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ते पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. संस्कृतज्ञ पतीच्या प्रौढ रचनेपुढे आपली रचना साधी पडणार हे त्यांना दिसत नव्हते असे मुळीच नाही. शुद्धलेखनापासून सगळ्याच बाबतींत आपण कोठे उभ्या आहोत हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत सांगितलेलेच आहे. टिळकांचा आवाज काढण्याचा प्रयत्न न करता त्यांनी पुढील चौसष्ट अध्याय आपल्याच सोप्या, घरगुती मराठीत लिहिले. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. जेथे एक हात थांबतो आणि दुसरा सुरू होतो तो सांधा त्यात उघडा आहे, आणि तो बुजवण्याचा प्रयत्न केल्याचे कोठेही दिसत नाही.